गप्प झालेला पंप

एका तालुक्याच्या गावी सलाईनचे पंप बनवणारा एक छोटा कारखाना होता. तिथे शर्मिष्ठा केळुसकर नावाची इंजिनिअर काम करत असे. नळीत हवेचा बुडबुडा आला की पंपाने थांबावे आणि भोंगा वाजवावा, हे पाहणे तिचे काम.

पंपातल्या एखाद्या भागाला प्रोसेसरचे, म्हणजे पंपाच्या मेंदूचे, लक्ष हवे असले की तो भाग त्याला हाक मारतो. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. हाक आली की काय करायचे, ते ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेले असते. शर्मिष्ठाने तो ड्रायव्हर स्वतः लिहिला होता.

एकदा एका दवाखान्यात बुडबुडा आला आणि पंप गप्प राहिला. रोझलिन सिस्टर खाटेशेजारीच होत्या. त्यांनी नळी चिमटून धरली म्हणून रोगी वाचला. सगळे पंप परत मागवले गेले.

शर्मिष्ठा दोष शोधू लागली. पंप दिवस दिवस नीट चाले, मग अचानक बहिरा होई. तिने बुडबुडा ओळखणारे सेन्सर बदलले, तारा बदलल्या, ड्रायव्हर ओळ न् ओळ वाचला. डोळे चुरचुरत. घरी जेवताना घास हातातच राही.

शेवटी प्रत्येक हाक पडद्यावर दिसावी म्हणून तिने ड्रायव्हरच्या सुरुवातीला एक ओळ घातली. आणि दोष नाहीसा झाला. आठवडाभर पंप एकदाही चुकला नाही.

कारखान्याचे मालक उपासनी म्हणाले, "झालं की मग. राहू दे ती ओळ. दवाखाने खोळंबलेत, उद्या माल पाठवू."

"सर, पंप का बरा झाला ते मला कळलेलं नाही."

"बरा झालाय ना? घरी जा, झोप जरा. चेहरा बघ स्वतःचा."

तिला मोह झाला. तिने पिशवी उचलली, चपला घातल्या. दारापर्यंत गेलीही. मग तशीच मागे फिरली आणि ती ओळ काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी पंप पुन्हा बहिरा झाला. ओळ दोषावर फक्त पांघरूण घालत होती.

एक गोष्ट आपण कधी विचारलीच नाही, हे तेव्हा तिच्या ध्यानात आले. तिने दवाखान्यात फोन लावला.

"सिस्टर, बुडबुडा आला तेव्हा तुमचा हात कुठे होता?"

"बटणावर. वेग कमी करत होते," रोझलिन सिस्टर म्हणाल्या. "मग बटणंही चालेनात, म्हणून नळी धरली."

बटण आणि सेन्सर एकाच तारेवरून हाक मारत. बटणाचे काम चालू असताना सेन्सरने हाक मारली, तर ड्रायव्हर बटणाचे काम उरकून निघून जाई. सेन्सर मात्र घंटेच्या दोरीसारखी तार ओढून धरूनच राही. तार सुटून पुन्हा ओढली गेली तरच प्रोसेसरला नवी हाक कळे. त्यामुळे पुढे कुणाचीच हाक पोचत नसे. पडद्यावर लिहिण्यात ड्रायव्हर क्षणभर रेंगाळे, तेवढ्यात सेन्सरची हाकही त्याला दिसे. ती हाक आणखी थोडी उशिरा आली असती, तर पंप पुन्हा गप्पच राहिला असता.

शर्मिष्ठाने ड्रायव्हर बदलला. आता कुणी थांबलेले नाही ना, हे पाहिल्याशिवाय तो बाहेर पडत नव्हता. मग एका हाताने बटण दाबत आणि दुसऱ्या हाताने नळीत हवा सोडत ती बसून राहिली. बोटे दुखेपर्यंत. दर वेळी भोंगा वाजला.

तोवर दोन दवाखान्यांनी दुसरीकडून पंप घेतले होते. उपासनींनी ते तिला सांगितले, पण आवाज चढवला नाही. खुर्ची ओढून ते तिच्यासमोर बसले.

"का बरा झाला, ते सांग आता."

तिने सांगितले. सगळे ऐकून घेऊन ते उठले आणि कामगारांना म्हणाले, "भरा गाडी."

गाडी गेली. शर्मिष्ठाला आनंद होण्याइतकेही त्राण उरले नव्हते. टेबलावर डोके टेकून ती तिथेच झोपी गेली. तिला कुणी उठवले नाही.

तात्पर्य: दोष दिसेनासा झाला म्हणजे तो गेला असे नाही. कितीही थकवा आला तरी, कारण कळल्याशिवाय काम पुरे झाले असे म्हणू नये.