नव्या घरातला दिवा

“...मग बुवा, पिवळा घ्यावा की पांढरा?”

रंगबुवा मठाच्या ओसरीवर शेपू निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली.

“आजवर माया काय, ब्रह्म काय, यावर माझ्याशी भांडलास. आज बल्बवर आलास होय, वैजनाथा?”

वैजनाथ हसला नाही. तो कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा. दर रविवारी टेकडी चढून मठात यायचा आणि बुवांना वादात गाठायला बघायचा. आज त्याच्या पिशवीत बल्बची खोकी होती. दुकानदार म्हणाला होता, दोन्ही घेऊन जा, नको ते परत करा.

“नव्या घरात राहायला जातोय. कांचनसाठी विचारतोय.”

बुवांचे हात थांबले.

कांचन त्याची बायको. गेल्या उन्हाळ्यात स्टोव्हचा भडका उडाला आणि तिचा डावा गाल मानेपर्यंत भाजला. जखमा भरल्या. व्रण राहिले.

“पांढऱ्या उजेडात सगळं दिसतं, बुवा. आता राहतो तिथे मी झिरोचा पिवळा बल्ब लावलाय. नव्या घरातही तसलेच मंद लावावेत म्हणतो. तिला अवघडल्यासारखं व्हायला नको.”

जरा थांबून तो म्हणाला, “एवढा विचार दुसऱ्या कुणी केला नसता.”

“तिला विचारलंस?”

“विचारायचं काय त्यात? तिचं मन मला कळतं.”



बुवांनी ओसरीवरूनच हाक मारली, “कांचन, पोरी, वर ये जरा.”

वैजनाथबरोबर आलेली ती अंगणात पारावर बसली होती. दिवस मावळत आला होता. हातातलं भरतकाम गुंडाळत ती आली आणि सवयीने नवऱ्याच्या डाव्या बाजूला बसली. डावा गाल त्याला दिसू नये म्हणून.

बुवांनी दोन्ही खोकी तिच्यापुढे ठेवली.

“तुझ्या घरात कोणता?”

तिने खोकी डोळ्यांजवळ नेऊन वाचली. मग लख्ख पांढऱ्या बल्बचं खोकं उचललं.

“हा.”

“अगं, पण त्यात...” वैजनाथ म्हणाला आणि अडखळला.

“सुईत दोरा ओवता येत नाही मला,” ती म्हणाली. “तांदळात खडे राहतात. आणि तुम्ही काही न बोलता गिळता.”

“तेवढंच?” बुवांनी हळूच विचारलं.

तिने खोकं मांडीवर ठेवलं.

“हे माझ्याकडे बघतात की नाही, ते अंधारात कळत नाही, बुवा... उजेडात कळेल.”

वैजनाथने पिवळ्या बल्बचं खोकं बाजूला सारलं.

“मला वाटलं, तुला लाज वाटत असेल...”

“मी रोज सकाळी आरशात बघते. माझी ओळख झालीय त्याच्याशी.” तिने गालावरून हात फिरवला. “तुमचीच राहिलीय.”

बुवा उठले. दोघांना आतल्या खोलीत नेऊन त्यांनी स्टूल मधोमध ठेवलं आणि पांढरा बल्ब वैजनाथच्या हातात दिला.

“लाव.”

तो स्टुलावर चढला. बल्ब होल्डरात बसेना. खालून कांचनने स्टूल घट्ट धरलं.

“सावकाश,” ती म्हणाली.

बल्ब बसला. तो खाली उतरला. बुवांनी बटण दाबलं.

खोली उजळली. भिंतीवरचे पोपडे दिसले, कोपऱ्यातली जळमटं दिसली. वैजनाथ पायांकडे बघत उभा राहिला.

कांचन हलली नाही. आज तिने बाजू बदलली नाही. ती त्याच्या समोर उभी होती, पदर खांद्यावर.

“अहो...”

त्याने मान वर केली.

आधी त्याने तिचे डोळे पाहिले, मग गाल. व्रण कानाखालून उतरून मानेत गेला होता. भडका उडाला त्या दिवसापासून तो तिच्याकडे इतका वेळ बघत राहिला नव्हता. त्याने बोट पुढे केलं, मधेच थांबवलं. तिने ते धरून आपल्या गालाला लावलं.

“दुखतं का?”

“आता नाही.”

तो बघत राहिला. मग गोंधळून बुवांकडे वळला.

“बुवा... मला सगळं धूसर दिसतंय.”

रंगबुवांनी शेपूची टोपली उचलली.

“डोळे पूस, बाळा. बल्ब चांगला आहे.”