पांढऱ्या दोऱ्याची पेटी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव विचाराल तर मला सांगता येणार नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही. त्या राज्यात खेळपेट्या बनत. पेटीला समोर काच असे आणि बाजूला दोन खुंट्या. खुंट्या फिरवल्या की काचेमागची लाकडी चित्रं चालत, बोलत, भांडत. एका पेटीत सात दालनं असत. एक दालन जिंकलं की पुढचं आपोआप उघडे.

मुलं या पेट्यांवर जीव टाकत. मोठी माणसंही टाकत, फक्त कबूल करत नसत.

म्हणून राजाने एक खेळपारखी नेमला होता. बाजारात जाण्याआधी नव्या धाटणीची पेटी त्याच्याकडे यायची. त्याने पांढरा दोरा बांधला तर पेटी लहानग्यांची, पिवळा बांधला तर जाणत्या मुलांची आणि लाल बांधला तर थोरांची. नियम साधा होता, पण वेळखाऊ होता. पारख्याने सातही दालनं आधी स्वतः खेळायची. मग त्या वयाच्या मुलाला शेजारी बसवून खेळवायचं, आणि तेव्हा पेटीकडे बघायचं नाही, मुलाच्या तोंडाकडे बघायचं.

आपला पारखी वर्षानुवर्षं हे इमानेइतबारे करत आला होता. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येईल. तो कंटाळला होता, एवढंच.

एका वर्षी जत्रा तोंडावर आली आणि त्याच्या ओसरीवर पेट्यांची चळत लागली. कारागीर पेट्या ठेवून जात होते, व्यापारी दारात ताटकळत होते. पारख्याने वरची पेटी उचलली, खुंटी फिरवली. काचेमागे हिरवीगार बाग होती आणि बागेत एक गुबगुबीत ससा. सशाला कोवळा पाला भरवायचा, झालं पहिलं दालन. दुसऱ्या दालनात ससा पावसात भिजत होता, त्याला मोठ्या पानाखाली न्यायचं होतं. पानाखाली गेल्यावर सशाने कान झटकले, तेव्हा पारख्याला एकट्यालाच हसू फुटलं.

‘ज्याने इतका गोड ससा कोरला, तो पुढे काय वाईट करणार?’ असं म्हणून त्याने पेटीला पांढरा दोरा बांधला. पाच दालनं तशीच राहिली. कुठल्या मुलाला शेजारी बसवायचंही राहिलं.

त्या जत्रेत सशाची पेटी घरोघर गेली. एक पेटी पारख्याने आपल्या पाच वर्षांच्या लेकीसाठी, ठकूसाठी, स्वतः नेली.

ठकू हरखून गेली. चार दिवस पेटीपासून हलेना. पारखीण म्हणाली, “अहो, पोर जेवायलासुद्धा उठत नाही. पेटीत आहे तरी काय?”

“खेळू दे गं,” पारखी म्हणाला. “मी स्वतः पारखलेली आहे.”

हे खोटं त्याच्या तोंडून इतकं सहज आलं, की त्याला स्वतःलाही ते खरं वाटलं.

पाचव्या दिवशी दुपारी तो घरी आला, तर ठकू भिंतीकडे तोंड करून बसली होती. दोन्ही हात काखेत घट्ट धरलेले. पेटी कोपऱ्यात उपडी पडली होती.

“काय झालं, ठके?”

“बाबा, मी पाडस दिलं.”

“कुणाला दिलंस?”

“लांडग्याला. तो म्हणाला, ससा दे नाहीतर पाडस दे. मी खूप वेळ काहीच केलं नाही. मग तो म्हणाला, दोघांनाही नेतो. मग मी पाडस दिलं.”

पारख्याने पेटी सरळ केली आणि त्या दिवशी, पहिल्यांदा, तो ती शेवटपर्यंत खेळला. तिसऱ्या दालनात सशाला सोबती मिळत होते, एक पाडस, एक खार, एक बदक. चौथ्यात लांडगा येऊन त्यांतलं एक, नाहीतर ससा मागत होता. पाचव्यात तो पुन्हा येत होता, सहाव्यात पुन्हा. सातव्यात तो सशालाच मागत होता, आणि ससाही देऊन टाकणारा खेळाडू जिंकत होता. मग घंटा वाजत होत्या.

पारखी लेकीजवळ बसला. “अगं, ते लाकूड आहे. खरं पाडस नव्हतंच ते.”

“मग ते ओरडलं कसं?” ठकूने विचारलं.

तिला डोळ्यांनी दिसलं म्हणजे पटेल, असं त्याला वाटलं. त्याने पटाशी आणली, पेटीची मागची फळी उचकटली आणि आतलं सगळं जमिनीवर काढून मांडलं. “ही बघ चाकं. ही तार. आणि हा बघ तुझा ससा.” घाईघाईत तार ओढली गेली आणि सशाची मान त्याच्या हातात आली.

ठकू हळूच म्हणाली, “बाबा, तुम्ही सशालापण मारलंत?”

पारखी तिथून उठला तो थेट कारागिराकडे गेला आणि त्याच्यावर तोंड टाकू लागला. कारागिराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“पारखीबुवा, ही पेटी मी किल्ल्यावरच्या शिपायांसाठी केली होती. कोणाला वाचवायचं आणि कोणाला सोडायचं, याचा खेळ आहे हा. लहान मुलांसाठी आहे, असं मी म्हणालो होतो का? ससा बघून पांढरा दोरा तुम्ही बांधलात.”

पारखी घरोघर फिरू लागला. “पेटी परत द्या, माझी चूक झाली,” असं हात जोडून सांगू लागला.

“का म्हणून द्यायची?” एक बाई म्हणाली. “दिवसभर पोरगं जागचं हलत नाही. घरात कशी शांतता आहे.”

“ते का हलत नाही, ते एकदा त्याच्या तोंडाकडे बघून सांगा.”

“पांढरा दोरा आहे की पेटीला. तुमच्याच हातचा ना?” असं म्हणून तिने दार लावून घेतलं. बाकीच्या घरांतही थोड्याफार फरकाने हेच झालं. स्वतःच्याच दोऱ्याविरुद्ध त्याचा शब्द कोणी धरला नाही.

राजाने त्याला कामावरून काढलं, पण त्याने काय होणार? पेट्या घरांत राहिल्या आणि मुलं त्या खेळत मोठी झाली. काही मुलं पाडसाला विसरली. काहींना लांडग्याला देण्याची सवय झाली, आणि ती पुढे पेटीबाहेरही सुटली नाही. मला विचाराल तर त्या राज्याचं खरं नुकसान तिथेच झालं.

ठकू विसरली नाही. पारख्याने तिला वैद्याकडे नेलं, देवाला नेलं, मामाच्या गावी नेलं. ती जेवायची, बोलायची, सांगितलेलं काम करायची. खेळायची मात्र नाही. पारखी आता रोज तिच्या तोंडाकडे बघत असे, आणि तिथे त्याला काहीच सापडत नसे.

दोन वर्षांनी शेजारची शेळी व्याली. आळीतली सगळी पोरं करडू बघायला धावली. शेजारीण मायेने ठकूच्या दारात आली आणि ते इवलंसं करडू तिच्यापुढे धरून म्हणाली, “घे गं बाई, तुझंच समज.”

ठकूने दोन्ही हात पाठीमागे नेले.

“नको,” ती म्हणाली. “माझं झालं, की कोणीतरी मागायला येईल. मग मला ते द्यावं लागेल.”

शेजारीण करडू घेऊन परत गेली. अंगणात उभ्या असलेल्या पारख्याने सगळं ऐकलं. तो लेकीजवळ गेला नाही. जवळ जाऊन काय सांगायचं, हे त्याला कळत नव्हतं, आणि पुढे मरेपर्यंत ते कळलं नाही.

तेव्हा थोरामोठ्यांनो, बोध इतकाच: लहान मुलाच्या हाती खेळ द्यायचा तर वरचं गोड चित्र पाहून देऊ नये, आधी तो स्वतः शेवटपर्यंत खेळून पाहावा.