हैबती खरेदीचे नियम पाळतो

एका गावच्या ग्रामपंचायतीत एक भोळा शिपाई होता. नाव हैबती. सांगाल तेवढं करायचा आणि सांगाल तेच करायचा. गावात असा हा एकटाच. बाकीचे सगळे शहाणे, म्हणून तर गावाची ही दशा!

सरकारने खरेदीचा कायदा बदलला. तालुक्याला प्रशिक्षण झालं. ग्रामसेवक भाऊसाहेब तिथून परतले ते तिथल्या जिलबीची तारीफ करतच. इकडे सरपंच यशवंतआप्पांना घाम फुटलेला. सोमवारी मोठे साहेब तपासणीला येणार होते. पंचायतीची तयारी दिसली नाही, तर आप्पांची सहीच बंद. आणि सही गेली की आप्पांना कुत्रंही विचारणार नव्हतं.

"भाऊसाहेब, निदान हैबतीला तरी तयार करा," आप्पा म्हणाले.

भाऊसाहेबांनी धडा दिला. "हैबती, तिघांना भाव विचारायचा. सगळ्यात स्वस्त असेल त्याला काम द्यायचं."

"बरं जी."

त्याच दिवशी आप्पांची दाढ ठणकायला लागली. "पळ, डाक्टर आण!" हैबती पळाला. दातांच्या डॉक्टरला विचारलं, गुरांच्या डॉक्टरला विचारलं, लोहाराला विचारलं. लोहार नुसत्या चहावर तयार झाला. पकड घेऊन आला, जोर लावला आणि दुखरी दाढ सोडून शेजारची उपटली.

"अरे बैला," आप्पा गाल धरून ओरडले, "नुसता भाव काय बघतोस? अनुभव बघ की! ते काम आधी केलेला माणूस आणायचा, दाखल्यासकट!"

"चुकलं जी. आता अनुभव बघतो."

आप्पांचा गाल सुजलेला, म्हणून लेकीसाठी स्थळ बघायला हैबतीच गेला. संध्याकाळी साठीच्या एका बाबाला घेऊन आला. "आप्पा, तीनदा बोहल्यावर चढलेत. पंचक्रोशीत एवढा अनुभव कुणाला नाही. दाखला म्हणून नातू आणलाय."

आप्पांची बायको लाटणं घेऊन धावली. नातवाला लाडू मिळाला, बाकी दोघांना लाटणं.

भाऊसाहेबांनी कपाळ बडवलं. "अरे, असं परस्पर ठरवायचं नसतं! नव्या कायद्यात सगळं उघड. भावाचं पाकीट चारचौघांत फोडायचं, आकडा मोठ्याने वाचायचा, कुणाची हरकत आहे का विचारायचं. मगच द्यायचं."

"असं आधी सांगायचं ना जी!"

सोमवारी साहेब आले. फायली उघडल्या, तर कोऱ्या करकरीत. "सरपंच, तयारी शून्य आहे."

आप्पांनी घाईघाईने हैबतीच्या हातात एक पाकीट कोंबलं आणि कानात पुटपुटले, "साहेबांना दे. लगेच तयारी दिसेल त्यांना."

हैबती पाराकडे धावला आणि अख्खा गाव गोळा करून आणला. सगळ्यांसमोर पाकीट फोडलं. "पाच हजार!" तो खड्या आवाजात म्हणाला. "एवढ्यात साहेब तयारी झाली म्हणून लिहून देतात. कुणाची हरकत?"

तेवढ्यात साहेबांचा ड्रायव्हर पुढे झाला. "माझी आहे. साहेबांच्या सह्या नेहमी मीच ठोकतो. दोन हजारांत करून देईन."

आप्पा मटकन खाली बसले. सही गेली, तीही गावादेखत. हैबतीने दोन हजार मोजून ड्रायव्हरला दिले, उरलेले आप्पांच्या मांडीवर ठेवले आणि साहेबांच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका, साहेब. पुढच्या खेपेला भाव जरा कमी लावा."