गादीवर बसलेला पाहुणा

"टकलावर खात्रीचा इलाज! सात दिवसांत भरघोस केस!"

बाजीसाहेब सरकारांच्या कॉम्प्युटरनं ही आरोळी ठोकली ती भर दिवाणखान्यात, नव्या व्याह्यांच्या तोंडावर! सरकार त्यांना घराण्याची वंशावळ दाखवायला बसले होते. वंशावळ राहिली बाजूला, पडद्यावर एक गुळगुळीत डोकं चमकायला लागलं. व्याह्यांनी हसू दाबलं, विहीणबाईंना ते दाबता आलं नाही.

पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली मात्र, सरकार कडाडले, "आम्ही कसलं औषध शोधतोय ते बाहेर फोडलं कुणी?"

त्या कॉम्प्युटरजवळ सरकारांखेरीज एकटी हौसा जायची, केर काढायला. पाल चुकचुकली तरी दचकणारी पोर ती! तिच्या हातातून केरसुणीच गळाली.

"मी नाही सरकार! मला तर ठाऊकसुद्धा नव्हतं, की... की..."

"की काय?"

"की आपण टोपीखाली... काही नाही सरकार!"

कारभारी तात्यांनी मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. हौसा घाबरट खरी, पण तालुक्याला तीन महिने कॉम्प्युटर शिकली होती ती काही उगाच नाही. ती म्हणाली, "चहाडखोर त्या डब्यातच बसलाय, सरकार. आपण काय शोधता ते पाहतो, बाहेर कळवतो, आणि आपण एक पान उघडलं की दुसरंच समोर आणून ठेवतो."

"मग काढ त्याला! दिवेलागणीच्या आत! नाही जमलं तर तू आणि तुझी आई, दोघींनी बोचकं बांधायचं!"

हौसाची आई वीस वर्षं तिथल्या मुदपाकखान्यात राबत होती. दोघींना दुसरं घर नव्हतं.

"आणि ऐक," सरकार बोट नाचवत म्हणाले, "तुझ्यावरचा संशय अजून फिटलेला नाही. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. दुसरं, आम्ही 'हो' म्हणून ज्याला आत घेतलं त्याला घालवायचं नाही. सात पिढ्यांत या घरातून पाहुणा हाकललेला नाही!"

"वा!" तात्या म्हणाले. "आणि सरकारांनी 'हो' दाबल्याशिवाय त्या डब्यात काही शिरत नाही. बांध गं बोचकं!"

हौसा रडवेली झाली. मग एकदम तिनं पदर खोचला. "सरकार, माझा हात नको ना? मग आपलाच हात चालवा. देवडीवर पाहुणा आला की नाव, गाव, आल्याचा दिवस लिहून घेतात. तशी यादी यातही असते. ती उघडा."

ती सांगत गेली, सरकार एकेक बोटानं टिचक्या मारत गेले. यादी उघडली. शेवटची चार नावं एकाच तारखेची होती.

"त्या दिवशी आपण कुणाला बोलावलं होतं?"

"फुकटातलं पंचांग उतरवून घेतलं होतं. एकादशी बघायला."

"पंचांग एक. मग हे तिघं कोण? नाव धड नाही, गावाचा पत्ता नाही. पंचांगाच्या वळकटीत लपून आलेत, सरकार! आपण न वाचता 'हो, हो, हो' दाबलंत."

"सरकारांनी वाचत बसायचं?" सरकार गुरगुरले. "आणि पाहुण्याबरोबर आलेली माणसं ती पाहुणीच! घालवायची नाहीत."

तात्यांनी घड्याळ पाहिलं. "पाच वाजले हो!"

हौसानं ओठ चावला. "बरं, पाहुणे तर पाहुणे. पण सरकार, आपल्याकडे पाहुणा बसतो कुठं?"

"पाटावर. पंगतीत. मानाचा असला तर आमच्या उजव्या हाताला."

"आणि गादीवर?"

"गादीवर?" सरकार खुर्चीतून उठलेच. "गादीवर आम्ही! बसून तरी दाखवावं कुणी!"

"मग ही आपली गादी बघा. कॉम्प्युटर लावला की पहिलं पान उघडतं ना, ती. तिथं आपण कुणाला बसवलं होतं?"

"कुलदैवताच्या फोटोला."

"परत बसवा. आपल्या हातानं."

सरकारांनी बसवलं. देव दिसले, सरकारांनी हात जोडले.

"आता सगळं बंद करून पुन्हा उघडा. पाहुणा असेल तर मालक आल्यावर जागा सोडेल."

सरकारांनी बंद केलं, उघडलं. देव गायब! "टकलावर खात्रीचा इलाज!"

"पुन्हा!" सरकार ओरडले. तीनदा देवांना बसवलं, तीनदा ते डोकं गादीवर येऊन बसलं! सरकारांचे कान लाल झाले.

हौसा हात जोडून म्हणाली, "सरकार, चूकभूल माफ करा. उठवलं तरी गादी सोडत नाही, म्हणजे हा पाहुणा नव्हे. आता मला एवढंच सांगा... आपण याला दत्तक घेतलंय का?"

तात्यांनी कपाळावर हात मारला. मग सरकार असे हसले, असे हसले, की टोपी सुटून गडगडत तात्यांच्या पायाशी गेली!

"दत्तक! या टकल्याला! अगं, सांग, कुठं टिचकी मारायची?"

तिघांना एकेक करून काढलं. एकजण जाता जाता गळ घालू लागला, "खरंच जाऊ? पुन्हा विचार करा!" सरकार पडद्यावर खेकसले, "चल नीघ!" ब्राउझरच्या कोपऱ्यात एक्स्टेन्शन होऊन दडलेलं त्यांचं पिल्लू हौसानं शोधून दिलं. मग विषाणू हुडकणारी तपासणी झाली, सगळे पासवर्ड बदलले. कॉम्प्युटर पुन्हा लावला, तर देव आपल्या जागी! पंचांग मात्र राहिलं, त्याला सरकारांनी रीतसर 'हो' म्हटलं होतं.

"हौसा," सरकार डोळे पुसत म्हणाले, "आजपासून या डब्याची देवडी तुझ्याकडे. रोज दुपारी दोन तास तो तुझाच, शीक हवं ते. आणि मळ्यातलं हापूसचं एक झाड तुम्हा मायलेकींना इनाम! म्हण 'हो'!"

"म्हणते सरकार," हौसा दचकून मागं सरली, "पण आधी कागद दाखवा. झाड कुठलं, बांध कुठला, वाचून घेते!"

सरकार पुन्हा खदखदून हसले आणि तात्यांना म्हणाले, "आणा दौत-लेखणी. आणि अक्षर मोठं काढा, ही वाचल्याशिवाय सोडणार नाही!"