सात हात दूर, वीतभर खाली

आईसाहेबांच्या कपाळावर तिसरं टेंगूळ आलं आणि धामणपूर संस्थानात एकच हलकल्लोळ उडाला!

त्याचं असं झालं. महाराज मल्हारजीरावांनी हौसेनं मोटार आणली. पण तिच्या गाद्या चामड्याच्या. सोवळ्यातल्या आईसाहेब चामड्यावर बसतील होय? नावच नको! मग त्यांच्यासाठी दोन चाकांची पडदेवाली गाडी बनवून ती मोटारीच्या मागे बांधायचं ठरलं. इथवर सगळं ठीक होतं. पण दिवाण विसाजीपंतांनी रिवाजाचं बाड उघडलं. महाराजांच्या मागून चालणारं वाहन सात हात दूर हवं आणि मान राखायला वीतभर खाली वाकलेलं हवं! झालं. सात हात लांब साखळी आली आणि गाडीचं तोंड खाली वाकवून तिला अडकवलं. मोटार निघाली की साखळीचा हिसका, मोटार थांबली की गाडी मागून येऊन धाडकन आदळायची. आणि आत आईसाहेब घसरत घसरत थेट पुढच्या फळीवर!

दिवाणजींनी उपाय केले नाहीत असं नाही हो. आधी साखळीला चांदीचा मुलामा दिला, मग तिला मखमल गुंडाळली. टेंगूळ मात्र साधंच आलं.

शेवटी महाराजांनी येसाजी लोहाराला दरबारात उभं केलं.

"या गाडीचा हिसका घालव. सोमवारी आईसाहेब देवीला जातील. हातात प्यायच्या पाण्याची भरलेली लोटी असेल. वाटेत त्यातला एक थेंब जरी सांडला, तरी दिवस मावळायच्या आत तू संस्थानाबाहेर!"

"आणि रिवाज मोडायचा नाही," दिवाणजींनी शेपूट जोडलं.

येसाजी घरी आला तो कपाळाला हात लावूनच. तीन पिढ्यांची भट्टी, आता ती डोक्यावर घेऊन जायचं कुठं? त्याची मुलगी हौसा भाता ओढत होती. तिनं सगळं ऐकलं आणि फिस्सकन हसली.

"हसतेस काय गं? इथं भट्टी विझायची वेळ आलीय!"

"आबा, पाण्याचं मी बघते आणि रिवाजाचंही मीच बघते. तुम्ही फक्त घण उचला."

अंगणात तिनं एका हातगाडीला दुसरी बांधून बघितली. साखळी ढिली पडे, म्हणून हिसका बसे. नुसती आकडी घातली, तर ती कड्यात खुळखुळे. मग तिनं मोटारीसाठी एक लोखंडी गोटा घडवून घेतला आणि गाडीच्या दांड्याला त्या गोट्यावर घट्ट बसणारी वाटी. वळणावर हवी तशी फिरेल, पण मागेपुढे तसूभर हलणार नाही!

"मध्ये चामड्याची चकती घालू, म्हणजे दणका खाईल," येसाजी म्हणाला.

"चामडं? आबा, आईसाहेब चालत्या गाडीतून उडी मारतील!"

तिनं जुन्या धाबळीचा तुकडा कातरून वाटीत बसवला. लोकर काय, सोवळ्यात चालते. दांडा ठेवला दीड हात, आणि अगदी सपाट. ना वर, ना खाली.

सोमवारी सकाळी गाडी जोडली तोच दिवाणजी धोतर सावरत धावत आले.

"अरे, हे काय? सातावरून दीड हात! आणि गाडी वाकलेली नाही! सरकार, हा धडधडीत अपमान आहे!"

महाराजांच्या भुवया चढल्या. येसाजी हौसाच्या मागं सरकला.

"दिवाणसाहेब," हौसानं हात जोडले, "रिवाज कुणासाठी आहे म्हणालात?"

"महाराजांच्या मागून चालणाऱ्यासाठी!"

"आणि महाराजांच्या पुढं कोण चालतं?"

"भालदार-चोपदार. एवढंही ठाऊक नाही?"

"ते किती हात दूर चालतात?"

दिवाणजी अडखळले. "ते... ते दोन पावलं पुढं असतात."

"मग झालं तर! सरकार, आज आपण मागं बसायचं, आईसाहेबांशेजारी. आपल्या मागं कुणी नाही, म्हणजे रिवाज मोडायचा प्रश्नच नाही. मोटार पुढं राहील, चोपदारासारखी. आणि आता सरकारच मागच्या गाडीत बसणार, तर ती खाली वाकवा म्हणायची हिंमत कोण करतंय ते मला बघायचंय!"

दिवाणजींनी बाड पुढून चाळलं, मागून चाळलं. त्यात याविरुद्ध एक अक्षर सापडेना. आईसाहेब पडद्याआडून म्हणाल्या, "मल्हारी, लहानपणी माझ्याच मांडीवर बसून हिंडायचास. ये की आता!" महाराज मुकाट्यानं चढले. आईसाहेबांच्या हातात काठोकाठ लोटी दिली. मोटारीत दिवाणजी ऐटीत मागच्या गादीवर आणि हौसा ड्रायव्हरशेजारी, अशी स्वारी निघाली.

तीन कोस खडीचा रस्ता. दिवाणजी दर खड्ड्याला मागं वळून बघत होते, मोठ्या आशेनं. देवळापाशी मोटार थांबताच ते धावले आणि त्यांनी पडदा वर केला. आत मायलेक एकमेकांवर डोकं टेकून घोरत होते. लोटी आईसाहेबांच्या मांडीवर होती, आणि पाणी निम्म्यावर!

"सांडलं!" दिवाणजी आनंदानं ओरडले. "सरकार, उठा! पाणी सांडलं! येसाजी, बांध तुझं गाठोडं!"

महाराज दचकून उठले. हौसा पुढं झाली.

"दिवाणसाहेब, गादीला हात लावा. ओली आहे?"

दिवाणजींनी गादी चाचपली, पडदा चाचपला, फळीही चाचपली. सगळं कोरडं ठणठणीत.

"मग पाणी गेलं कुठं?"

"पोटात! सहा महिने आईसाहेब या गाडीतून लोटी घेऊन हिंडतात, पण त्यांना घोट कधी घेता आला का? ती तोंडाला लावली की पाणी नाकात! आज पहिल्यांदा त्या पाणी प्यायल्या. थेंब सांडायचा नाही असा सरकारांचा हुकूम होता. आईसाहेबांनी तहानलेलं राहायचं, असा नव्हता!"

"अगदी खरं," आईसाहेब डोळे चोळत म्हणाल्या. "आणि उरलेलंही आता पिणार आहे."

महाराज असे खदखदून हसले की त्यांचा फेटा घसरून दिवाणजींच्या हातात पडला! मग महाराजांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून हौसाच्या हातात घातलं आणि येसाजीच्या भट्टीला पिढ्यान्‌पिढ्या सरकारी कोळसा लावून दिला.