कड्याचा कौल

त्या माळावर कुणाचाही आवाज चार झुडपांपलीकडे पोचत नसे. पोचवण्याचं काम उत्तरेचा उभा कडा करी. त्याच्यावर आदळलेला आवाज मोठा होऊन माळभर पसरे, आणि कड्याने जे परत दिलं नाही ते त्या राज्यात घडलंच नाही असं धरलं जाई.

टिटव्यांचं पोट या कड्यावर होतं. पाणी कुठे आहे, पाऊलवाट कुठे खचली आहे, गवत कुठे कोवळं आहे हे पाहून यायचं आणि कड्याला ऐकवायचं, हा त्यांचा पिढीजात उद्योग. ते ऐकून काळविटांचा कळप येई, खुरांनी माती उकरली जाई, नाकतोडे उडत आणि टिटव्यांची पिल्लं जेवत. कुणाचे कुणावर उपकार नव्हते.

पूर्वी कडा सगळंच परत देई, असं म्हातारे सांगत. मग त्याची एक शिळा कोसळली आणि तो फक्त लांब हेल परत देऊ लागला. टिटव्यांनी हेल लांबवले. ओढ्याला पाणी आहे एवढं सांगायला अर्धी सकाळ जाऊ लागली. त्याची सवय होते न होते तोच कडा तोडकं तेवढंच घेऊ लागला. टिटव्यांनी बातम्यांची शेपटं छाटली. मग त्याला घोळक्याचा आवाज रुचू लागला, तेव्हा एकीने पाहिलेलं सगळ्याच सांगू लागल्या, आणि बाकीचा माळ पाहायला कुणी गेलंच नाही.

या धावपळीतून कानकरी नावाचं पद निघालं. थोरले टिटवे अप्पा कैक वर्षं कानकरी होते. दिवस मावळताना धोंड्यावर बसून ते कड्याचा कल ओळखत आणि सकाळी कौल देत. कड्याला कल नसतो, तो दगड आहे, कपारी ढासळतात तसा त्याचा नाद बदलतो, असं झरी नावाच्या तरुण टिटवीने एकदा भर सभेत म्हटलं होतं. तेव्हापासून तिला सभेत मागे बसवत.

यंदाचा कौल किंचाळण्याचा होता. गवताची एक काडी दिसली तरी टिटव्या ऊर फुटेस्तोवर किंचाळत. कळप धावत येई, नाकतोडे उडत, सगळे खूश. पण गवत नसलेल्या जागी धावून धावून कळप दमला. हल्ली तो मान वर करी आणि पुन्हा खाली घाली. पिल्लांच्या चोची उघड्याच राहू लागल्या. त्यावर अप्पांचा इलाज ठरलेला होता: आणखी वरची पट्टी.

अशात झरी पूर्वेच्या डोहावरून परतली. पाणी चकाकत होतं, पण काठ आतून सडला होता. तिच्या डोळ्यांदेखत एक रानडुक्कर पोटापर्यंत रुतलं आणि धडपडत खाली गेलं. डावीकडच्या मुरमाड पट्ट्यावरून गेलं, तरच पाण्याला सुखरूप तोंड लावता येत होतं. तिने हे सभेत सांगितलं.

"चिखलाची बातमी कडा घेत नाही," अप्पा म्हणाले.

"न घेईना का. बाकीचं पाणी आटलंय. कळप आज ना उद्या तिकडेच जाणार."

"मग 'डोह' एवढंच ओरड, वरच्या पट्टीत. परत येईल."

"ते ऐकून कळप धावत सुटेल आणि सरळ चिखलात जाईल, अप्पा."

"पण येईल ना? पोरी, घरट्यात पिल्लं उपाशी आहेत. डावं-उजवं सांगत बसलीस तर कडा गप्प राहतो. आम्ही काय उन्हात पिसं पांढरी केली?"

"डोह शेवटचा कधी पाहिलात?"

"करा हिलाच कानकरी," पुढच्या रांगेतली एक मावशी म्हणाली, "म्हणजे आपण सगळे चिखल खाऊन राहू." सभा हसली.

झरी उडाली. कळपापर्यंत स्वतः जाण्याची वेळ कैक पिढ्यांत एकाही टिटवीवर आली नव्हती. त्यामुळे ती नेमकी कुठे निघाली, हे बसलेल्यांना कळलंच नाही.

कळपाची म्होरकी भोरी नावाची वयस्क हरिणी होती. झरीने काठ सांगितला, पट्टा सांगितला, डुक्कर सांगितलं. भोरी रवंथ करत ऐकत राहिली.

"तू कोण गं?"

"टिटवी. पाण्याची बातमी आम्हीच देतो."

"पाण्याची बातमी कडा देतो. माझ्या आईलाही तोच द्यायचा." भोरीने कान झटकला. "कड्याजवळून जाताना, तो बोलत असला की मध्येच कलकलाट करता, त्या तुम्ही होय?"

इतक्या पिढ्यांचे घसे बसले होते, आणि नाव कड्याचं होतं. झरीने तो घोट गिळला.

"कड्याने परवा गवत सांगितलं. होतं तिथे?"

"नव्हतं."

"त्याआधी?"

"तेव्हाही नव्हतं. म्हणून तर आताशा आम्ही धावत नाही."

"मग धावू नका. चालत या. मी पुढे चालते. खोटं निघालं तर तुडवा मला."

"एवढीशी तर आहे," एक तरुण काळवीट फुरफुरला. "उगाच पायाखाली येईल आणि आपल्या माथी पाप."

भोरी उठली. तिच्याबरोबर थोडेच उठले. बाकीचे कडा काय म्हणतो याची वाट पाहत बसून राहिले. डोहापाशी भोरीने खात्री करायला चकाकत्या काठावर एक खूर टेकला. पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. तिने तो ओढून काढला, झरीकडे पाहिलं आणि मुरमाड पट्ट्यावर तिच्या मागोमाग चालू लागली.

ते पाणी पिऊन परतत होते, तोच कडा किंचाळला: डोह, डोह, डोह. तहानेने आधीच व्याकूळ झालेला उरलेला कळप उधळला. वाट जिथे फुटते तिथे झरी जमिनीवर उतरली आणि पंख पसरून उभी राहिली. धुरळा जवळ येत गेला. ती हलली नाही. मग भोरी येऊन तिच्या शेजारी आडवी उभी राहिली, आणि ओल्या तोंडाचे ते मोजके जणही तिच्या शेजारी. पुढचे काळवीट थबकले, मागचे त्यांच्यावर आदळले.

"डावीकडून," भोरी म्हणाली. "हिच्या मागे. सावकाश."

त्यानंतर झरी रोज जाऊ लागली. जे पाहिलं तेच सांगे, आणि जे पाहिलं नाही ते पाहिलं नाही म्हणून सांगे. चोचीत मावतील तेवढे नाकतोडे ती घरट्यांवर आणून टाकी. पिल्लं खात; नाकतोडे आले कुठून, हे कुणी विचारत नसे.

पुढे कड्याची आणखी एक शिळा निखळली. अप्पांनी नवा कौल दिला: यापुढे खर्ज. साऱ्या टिटव्या कड्याकडे तोंड करून दाटीवाटीने बसल्या आणि खोल, दबक्या आवाजात कळपाला बोलावू लागल्या. सुरात सूर मिळेपर्यंत उन्हं कलली.

त्यांच्या पाठीमागून, शेपट्यांवर धूळ बसेल इतक्या जवळून, कळप पाण्याला निघाला होता. पुढे झरी, मागे भोरी, त्यामागे सगळे. खुरांखालून उडालेला एक टपोरा नाकतोडा अप्पांच्या पाठीवर येऊन बसला. अप्पांनी पंख झटकून तो उडवून लावला.

"कुणी हलू नका," ते म्हणाले. "कळप येतोय की नाही, ते आता कडा सांगेल."