खांद्यावरून उतरवलेला क्रूस

समुद्रकाठच्या एका गावात एकदा एक वृद्ध धर्मगुरू होते. त्यांच्यापाशी सांतान नावाचा एक मनुष्य धर्मशिक्षक होण्यासाठी शिकत होता. पूर्वी तो मासेमारीच्या होडीवर तांडेल होता. होडी आणि खलाशी दोन्ही त्याच्या हुकमात असत. एके दिवशी भर समुद्रात, जाळे ओढणाऱ्या यंत्राच्या दोरात त्याच्या मित्राचा, इनासचा, उजवा हात सापडला आणि कायमचा निकामी झाला. गावाने त्याला अपघात म्हटले. सांतानने मात्र त्यानंतर होडीवर पाय ठेवला नाही.

दरवर्षी राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली, ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला, की सांतान स्वतःला शिक्षा करू लागे. एक वेळ पेज, निजायला उघडी जमीन, चालायचे ते अनवाणी. शुक्रवारी गावातून क्रूसाची वाट, म्हणजे प्रार्थनेची मिरवणूक, निघे, तेव्हा तो जड लाकडी क्रूस एकटाच वाही. कोणी खांदा देऊ केला तरी नको म्हणे. खांद्याची सालटी निघत. लोक म्हणत, भक्ती असावी तर अशी.

एका वर्षी पहिल्याच शुक्रवारी त्याने क्रूस उचलला, तोच फादर पुढे झाले. सर्वांदेखत त्यांनी तो त्याच्या खांद्यावरून उतरवला आणि दुसऱ्या दोघांच्या हाती दिला.

"यंदा तू क्रूस वाहायचा नाहीस," ते म्हणाले. "प्रार्थना चालेल तेवढा वेळ इनासच्या ओट्यावर जाऊन बस."

सांतानचा चेहरा उतरला. "फादर, माझं काही चुकलं का?"

"ते मला कसं ठाऊक असणार? त्याचा हात गेल्यापासून तू त्याचा उंबरा चढला नाहीस, एवढंच मला दिसतं."

सांतान गेला. इनास ओट्यावरच बसला होता. त्याने सांतानला पाहिले आणि सरकून जागा करून दिली.

"आज क्रूस दुसऱ्याकडे?"

"फादरनी काढून घेतला."

"बरं केलं. दरवर्षी तू माझ्या दारावरून जातोस. तुला थांबवावं असं मनात येतं. पण क्रूस घेतलेल्या माणसाला हाक कशी मारायची?"

एवढ्यावर उठून गेलो असतो तरी सगळे गोडच राहिले असते, हे सांतानला कळत होते. तरी तो बोलला.

"इनास, यंत्र थांबव म्हणून तू ओरडलास ना, ते मला ऐकू आलं होतं. जाळं भरून आलं होतं. थांबवलं तर दोर तुटेल, सगळा माल जाईल, असं वाटलं. म्हणून थांबवलं नाही."

इनास त्याच्यापासून दूर सरकला. "मी समजत होतो, इंजिनाच्या आवाजात तुला ऐकू आलं नसेल. घरच्यांनाही मी तसंच सांगत आलो." तो उठला. "आता तू जा, सांतान."

दार लागले. सांतान तसाच फादरांकडे आला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

"होतं ते बरं होतं," तो म्हणाला. "निदान त्याच्या मनात माझ्याबद्दल राग नव्हता. आज रागही आला. इतकी वर्षं मी उपास केले, अंग झिजवलं, त्याचं काय झालं?"

फादर त्याच्याजवळ बसले. "अन्न सोडलंस, झोप सोडलीस, चपला सोडल्यास. एक गोष्ट मात्र घट्ट धरून होतास, त्याच्या मनातलं तुझं चांगलं नाव. आज ती सोडलीस. माझ्या मते तुझा त्याग आज सुरू झाला. आधीच्या शिक्षा तूच ठरवल्यास आणि तूच भोगल्यास. त्यात इनासला कुठे विचारलंस? क्षमा मागायची म्हणजे समोरच्याला 'नाही' म्हणायची मोकळीक द्यायची. देवाची क्षमा मोठीच आहे. पण तिच्या आडोशाला उभं राहून माणसाला चुकवता येत नाही."

"आणि तो कायमच नाही म्हणाला तर?"

"तर तेही ऐकून घ्यायचं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा जा."

सांतान पुन्हा गेला. इनास बाहेर आला नाही. त्यापुढच्या शुक्रवारी आला, पण एक शब्द बोलला नाही. रस्त्याने क्रूस जाई, स्तोत्रांचे स्वर दूर जात आणि सांतान तसाच बसून राही. पाठ टेकू नये, डोळे मिटून घेऊ नयेत, एवढेच तो पाळत असे. क्रूसाचे ओझे याहून हलके होते, असे त्याला पुष्कळदा वाटले.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात इनास आपणहून बोलला.

"माफ करायला घेतलंय मी तुला. पण एकदा करून भागत नाही. सकाळी सदऱ्याची बटणं लावता येत नाहीत, की पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं."

सांतानने मान हलवली.

"ईस्टर झाल्यावरही येत जा," इनास म्हणाला. "तू समोर असलास की जरा सोपं जातं."

सांतान 'येईन' म्हणाला, आणि शब्दाला जागला.

आपणही उपवासाच्या या दिवसांत काय काय सोडले ते मोजतो. कोणाच्या दारी जायचे टाळले, तेही स्वतःला विचारून पाहावे.